रेघेखालचे पान

मंगळवारी दुपारी तीन वाजता माझी पत्नी सगुणा वारली. त्याच्या थोडा वेळ आधी मी तिला बायबलातला शास्त्रपाठ वाचून दाखवला होता. घरात मी होतो आणि आमची मुलगी विमल होती. बुधवारी सकाळी आम्ही सगुणाला मिशनच्या कब्रस्तानात पुरले.

मला जे सांगायचे आहे ते त्या वाचनाविषयी आहे. हे लिहायला मी पुष्कळ उशीर केला. महायुद्ध संपले, रॉकेलची टंचाई कमी झाली, माझ्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या शिकून गावोगावी गेल्या, तरी हे कागदावर उतरत नव्हते. मी बोलका माणूस नाही. वर्गाबाहेर माझे शब्द अडतात. सगुणा म्हणायची, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी पुस्तक उघडावं लागतं." ते खरे होते.

नगरला खेड्यांतल्या उपदेशकांना शिकवण्याची एक लहानशी शाळा आहे. तिथे मी येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमाने शिकवतो. तरुणपणी मला एका परदेशी गुरूंनी मूळ ग्रीक भाषा थोडी शिकवली आणि तिच्याबरोबर एक सवयही लावली. ते म्हणत, प्रथम विचारा की हे घडले असे इतिहास म्हणू शकतो का, आणि मग विचारा की हे मंडळीने, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती समाजाने, विश्वासाने म्हटले आहे का. दोन्ही प्रश्न पवित्र आहेत, पण त्यांची सरमिसळ करू नका. मी ते मनावर घेतले. माझ्या बायबलात जे इतिहासाला मान्य होईल त्याच्याखाली मी पेन्सिलीने सरळ रेघ ओढली आणि जे पहिल्या मंडळीच्या श्रद्धेतून आले असावे असे वाटले त्याच्याखाली नागमोडी. वीस वर्षांत फार थोडी पाने रेघेवाचून उरली. खेड्यांतून येणारी मुले पहिल्या महिन्यात भांबावून जात. दगडमार होऊ घातलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखित प्रतींत नाही असे सांगितले की एखादा डोळे पुसत बाहेर जाई. मी त्यांना सांगत असे की देवाला पेन्सिलीची भीती वाटत नाही. हे वाक्य मला फार आवडत असे. आता ते मी उच्चारत नाही. ते खोटे आहे असे नाही, पण ते बोलताना माझा आवाज कसा होत असे ते मला आठवते.

चारांपैकी जे शुभवर्तमान सर्वांत जुने मानतात त्याचा शेवट या अभ्यासात प्रसिद्ध आहे. तीन बाया पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जातात. धोंड बाजूला लोटलेली असते. आत शुभ्र झगा घातलेला एक तरुण बसलेला असतो. तो सांगतो की ज्याला तुम्ही शोधता तो इथे नाही, तो उठला आहे. बाया थरथरत बाहेर पळतात आणि भीतीमुळे कोणालाही काही सांगत नाहीत. सर्वांत जुन्या दोन प्रती इथेच थांबतात. पुढे जी बारा वचने आपण वाचतो, प्रभूचे दर्शन, त्याची आज्ञा, त्याचे स्वर्गी जाणे, ती मागाहून कोणीतरी जोडली. विद्वानांत याविषयी फारसा वाद नाही. मी तिथे पानभर आडवी रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, मूळ इथे संपते.

हे मी सगुणालाही सांगितले होते. ती जाण्याच्या वर्षभर आधीची ती गोष्ट. सकाळची वेळ होती. ती ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी वर्गात काय शिकवणार ते तिला अधूनमधून सांगत असे. तिचे मत हवे म्हणून नव्हे, मला मोठ्याने बोलून पाहायचे असे म्हणून.

"मग त्या बाया गप्पच बसल्या?" तिने विचारले.

"ग्रंथ तसं म्हणतो."

"आणि पुढं काहीच नाही?"

"जुन्या प्रतींत नाही."

तिने सूप दोनदा पाखडले, चार खडे बाजूला टाकले, आणि आत जाऊन स्वतःचे पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवले. "माझ्यातही मारा ती रेघ. पण सरळ मारा हं, अहो. तुमची रेघ नेहमी उजवीकडे वर चढते."

मी पट्टी लावून रेघ मारली. तिला वाईट वाटले असेल, पण माझ्या विद्येपुढे तिने मान तुकवली, असे मी समजलो. त्या सकाळविषयी मी याहून अधिक विचार केला नाही.

सगुणा मिशनच्या वतीने खेड्यांतल्या बायांना शिकवायला जात असे. महिन्यातले आठ दिवस ती जामखेडच्या बाजूला असे. ती मोटारीने जाई, पुढे बैलगाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर पायी. तिकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतल्या बायांना अक्षरओळख नव्हती. ती त्यांना वाचून दाखवी आणि त्या पाठ करीत, एवढे मला माहीत होते. बावीस वर्षांच्या संसारात मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नाही. वर्ग असतात, असे मी म्हणत असे. खरी गोष्ट अशी की तिचे काम म्हणजे गोष्टी सांगणे आणि माझे काम म्हणजे अभ्यास, असे माझ्या मनात होते. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही. दाखवावे लागले नाही.

त्या वर्षी भाद्रपदात ती तिकडून ताप घेऊनच परतली. पुस्तकही तिथेच विसरली होती. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. विमल बाहेरगावी नर्सिंग शिकत होती, ती रजा घेऊन आली. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरेल असे वाटत होते, पण ती खालावतच गेली. मंगळवारी दुपारी सगुणा पूर्ण शुद्धीवर होती. म्हणाली, "पहाटेचं वाचा. बायांचं."

तिचे पुस्तक घरी नव्हते म्हणून मी माझे घेतले. मी वाचू लागलो. द्रव्ये, धोंड, शुभ्र झगा, बायांचे पळणे. वाचता वाचता रेघेपाशी आलो आणि थांबलो.

का थांबलो, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारले आहे. सवय होती, हे एक उत्तर. दुसरे उत्तर जास्त खरे आहे. त्या घटकेला मला वाटले की ज्याची मला खात्री नाही ते मरणाऱ्या माणसाच्या कानात घालणे म्हणजे त्याला फसवणे आहे. आम्ही एकमेकांशी कधी खोटे बोललो नव्हतो. शेवटीही बोलायचे नाही असे मी ठरवले, आणि ठरवताना मला माझा थोडा अभिमान वाटला. पत्नी मरत असताना मला अभिमान वाटला, हे मी इथे लिहून ठेवतो.

"पुढचं वाचा ना, बाबा," विमल म्हणाली.

"इथं संपतं."

"आज तरी, बाबा!"

मी पुस्तक मिटले. तेव्हा सगुणाने डोळे उघडले. तिचा उजवा हात घोंगडीवर पालथा पडला होता. तो तिने हळूच उताणा केला आणि माझ्याकडे सरकवला. तळवा उघडा होता. बोलली काही नाही. मला वाटले तिला पाणी हवे आहे. मी म्हणालो, "विमल, पाणी." विमलने भांडे आणले. मी चमच्याने दोन घोट घातले. दुसरा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर उतरला. हात तसाच उघडा राहिला. मग तीन वाजले.

म्हणजे माझ्या पत्नीने या जगात शेवटचे जे वचन ऐकले ते असे होते की बायांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण त्यांना भीती वाटत होती. तेवढेच मी तिच्या हाती देऊन तिला पाठवले. पुढचे सहा महिने माझ्या मनात दुसरा विचार नव्हता. ती भीत भीत गेली का? तो हात पाण्यासाठी नसून माझ्याकडे काहीतरी मागण्यासाठी होता का, आणि मी ते दिले नाही का? विमल परत जाण्याच्या दिवशी ट्रंकेवर बसून म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, बाबा. ते मला कळतं. पण तुम्ही तिच्या तोंडावर दार लावलंत." त्यानंतर तिची पत्रे येत, पण त्यांत हवापाणी आणि परीक्षा यांखेरीज काही नसे.

मी वर्गात शिकवत राहिलो. प्रती, शतके, पाठभेद, हे सगळे मला झोपेतही सांगता आले असते. प्रार्थना मात्र जमेना. देवळात उभा राही, ओठ हलवी, आत काही नसे. त्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आला तेव्हा मुलांना तुमचे तुम्ही वाचा म्हणून सांगितले आणि मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. इतिहासाला श्रद्धेपासून वेगळे काढण्याचे काम मी इतके चोख केले होते की माझ्या घरात आता फक्त इतिहास उरला होता.

फाल्गुनात जामखेडच्या पुढच्या एका खेड्यातून तिथल्या शाळामास्तरांचे कार्ड आले. बाईंचे पुस्तक धुरपदाबाई नावाच्या म्हातारीकडे आहे. पोस्टाने पाठवू म्हटले तर ती देत नाही. म्हणते, बाईंच्या मास्तरांनी स्वतः यावे. मी दोन दिवसांची रजा काढली. पुस्तक मला हवेच होते. आणखीही एक गोष्ट होती. निघताना मी टेबलावरचे रबर खिशात टाकले. तिच्या पुस्तकातली ती रेघ मला पुसून टाकायची होती.

लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे लोखंडी भट्टी बसवलेली असे आणि चढ आला की मोटार धापा टाकू लागे. दोन ठिकाणी ती थांबलीच. ड्रायव्हरने माझा काळा कोट आणि हातातले पुस्तक पाहून मला ओळखले असावे. म्हणाला, "पाद्रीबाबा, एक तर प्रार्थना करा, नाहीतर उतरून ढकला." दोहोंपैकी मला दुसरे जमण्यासारखे होते, म्हणून मी उतरलो. वाटेत निजामाच्या हद्दीतल्या कडा गावच्या नाक्यावर त्याच्या शिपायांनी सगळ्यांची बोचकी सोडून पाहिली. जामखेडला पोचेपर्यंत गावाकडे जाणारी बैलगाडी निघून गेली होती. तिथून दोन कोस चालायचे होते. सकाळपासून पोटात काही नव्हते. ऊन पाठीवर घेत मी निम्मी वाट चाललो असेन, तोच डोळ्यांपुढे काळे येऊ लागले. बाभळीखाली बसलो. तेवढी सावली पुरेना. त्या वेळी मला स्पष्ट वाटले की इथे माझे काही झाले तर बरे होईल. ते वाटणे शांत होते आणि त्याचीच मला नंतर भीती वाटली.

कोणीतरी समोर उभे होते. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक म्हातारी. तिने पेंढी उतरवली, कमरेचे लहान मडके माझ्या तोंडाला लावले आणि म्हणाली, "दमानं. समदं येकदम नगा पिऊ. कुन्या गावचं तुमी?"

मी नगरचे सांगितले. कोणाकडे निघालो तेही सांगितले. तिने कपाळाला हात लावला.

"आगं बया! तुमी आमच्या बाईंचं मास्तर व्हय? सलाम, मास्तर, सलाम! म्याच की धुरपदा. ह्या वाटंनं म्या कवाच येत न्हाई बगा. आमचं रान तिकडल्या आंगाला. आज बैलाला वैरन न्हवती म्हून हिकडं आलते."

मी यावर काही म्हणत नाही. बैलाला वैरण नव्हती, म्हणून ती त्या वाटेने आली. एवढेच घडले.

तिने मला पेंढीच्या सावलीत चालवत वस्तीवर नेले. दुपार होती. ज्वारीची काढणी चालली होती आणि बाया खळ्यावरून जेवायला आल्या होत्या. शाळेशेजारच्या कडुलिंबाखाली सातआठ जणी बसल्या होत्या. तो गुरुवार होता आणि गुरुवार हा सगुणाचा वाचनाचा वार होता. ती गेल्यावरही तो मोडला नव्हता. मी विचारले, वाचते कोण? धुरपदाबाई म्हणाली, "वाचाया कोन हाय आता? आमी नुसतं उगडून ठिवतो."

तिने घरातून गाठोडे आणले. सगुणाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी लगेच ओळखला. आतले पुस्तक तिने माझ्या मांडीवर ठेवले. अक्षर येत नसूनही तिने हवे ते पान अचूक काढले, कारण तिथे लिंबाची काडी ठेवलेली होती. ते तेच पान होते.

माझी रेघ तिथे होती, पट्टीने मारलेली, सरळ. रेघेच्या वरचा कागद पांढरा होता. रेघेखालचा कागद ओळखू येत नव्हता. तो बोटांनी माखला होता. हळद, माती, चुलीची काजळी, तेल, सगळे एकमेकांत मुरले होते. काही ठिकाणी अक्षरे पुसट झाली होती. मी आयुष्यभर पुस्तकांच्या कडा आणि डाग पाहून कोणते पान किती वापरले गेले ते ओळखत आलो आहे. असे पान मी पाहिले नव्हते.

"हे काय झालं?" मी विचारले.

"बाई हितवर वाचायच्या," धुरपदाबाईने रेघेवर बोट ठेवले. "मंग म्हनायच्या, आमच्या मास्तरांनी शोदून काडलंय, जुनं पुस्तक हितंच सरतं. त्ये लई शिकल्यालं हायती, त्येंचं खोटं नसतंय. बाया भ्याल्या आन गप बसल्या. मंग आमाला इचारायच्या, त्या जर गप बसल्या, तर ही गोष्ट ह्या लिंबाखाली कशी आली गं?"

"म्या म्हनलं," मागून एक ठसठशीत आवाज आला, "बाया गप बसत्यात व्हय? घटकाभर बसल्या आसतील!"

सगळ्या हसल्या. बोलणारी कोंडाबाई होती, तिशीतली, कडेवर मूल. धुरपदाबाई म्हणाली, "ही मातूर घटकाभरबी बसत न्हाई." आणि त्या पुन्हा हसल्या. सगुणा इथे बसत असेल तेव्हाही त्या अशाच हसत असतील, हे मला त्या क्षणी कळले. माझ्या घरी ती इतक्या माणसांत कधी हसली नव्हती.

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. वाचणारीने रेघेपाशी थांबायचे. जिला पुढे सांगायचे असेल तिने पानावर रेघेखाली बोट ठेवायचे आणि सांगायचे. पाठ केलेली वचने नव्हेत. पुढचे म्हणजे आपले. ती बातमी आपल्यापर्यंत कशी आली, कोणी आणली, कोणत्या दिवशी. कोंडाबाईने तिचा थोरला मुलगा पटकीत गेल्याचे सांगितले. त्यानंतर महिनाभर ती कोणाशी बोलली नव्हती, चूल पेटवत नव्हती. सगुणा तीन फेऱ्यांत तिच्याजवळ नुसती बसून गेली. चौथ्या वेळी कोंडाबाईने या पानावर बोट ठेवले आणि पहिला शब्द काढला. "काय बोलले त्ये न्हाई ध्यानात," ती म्हणाली, "पन त्या दिशी भाकरी केली."

"आन कुनाला सांगा म्हनायचं आसलं," धुरपदाबाई म्हणाली, "तर बाई बोलायच्या न्हाईत. नुसता हात आसा करायच्या." तिने मांडीवरचा पालथा हात उताणा केला आणि माझ्याकडे सरकवला. तळवा उघडा होता.

मी तो हात पाहत राहिलो. कोणीतरी विचारले, "काय झालं, मास्तर?" मग मी सांगितले. वर्गाबाहेर ज्याचे शब्द अडतात त्या माझ्या तोंडून त्या सातआठ जणींपुढे सगळे बाहेर पडले. मंगळवार, माझे थांबणे, विमलचे म्हणणे, हात. "तिनं असाच हात केला होता," मी म्हणालो, "आणि मी तिला पाणी दिलं."

धुरपदाबाईने पदराने तोंड पुसले.

"पानी दिलं त्ये बरं केलंत," ती म्हणाली. "तापात घसा लई सुकतो." मग म्हणाली, "पन हात तुमच्याकडं केलता न्हवं? मंग सांगा की, मास्तर. बाई थांबल्याल्या आसतील."

मी पानावर बोट ठेवले. बोटांच्या त्या डागांत माझेही बोट बुडाले. बारा वचने मला तोंडपाठ होती, ग्रीकमध्येही. त्यांतले एकही माझ्या तोंडी आले नाही. मी म्हणालो, आज मी बाभळीखाली बसलो होतो आणि मला उठायचे नव्हते. मग एक बाई आली, ती त्या वाटेने कधी येत नाही. तिने मला पाणी दिले. एवढेच मला सांगता आले. त्यानंतर मी रडलो. सहा महिन्यांत प्रथमच रडलो. शेवटी धुरपदाबाईने आमेन म्हटले आणि बायांनी तिच्यामागून म्हटले. कोंडाबाई मूल सावरत उठली. "बाईंच्यावानी न्हाई जमलं," ती म्हणाली, "पन जमंल."

मी इतिहास शिकवणारा माणूस आहे. म्हणून हेही लिहिले पाहिजे की त्या मंगळवारी सगुणाच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक होणार नाही. तापात माणूस हात हलवतो. तिला पाणीच हवे असेल. साक्षीदार दोनच होते आणि दोघांनीही पाणी समजले. पण हे मला माहीत आहे की वर्षभर ती ज्या ठिकाणी थांबत होती, नेमका तिथेच मी थांबलो होतो. मला जो शेवट वाटला तो तिला रोजच्या सरावाचा होता. भीतीचे वाक्य ऐकून घाबरणारी ती नव्हती. त्या वाक्याखाली तिने किती बायांना बोलते केले होते. माझी रेघ मी दार लावण्यासाठी ओढली असेल, तिने तिचा उंबरठा केला. आणि हे तिने माझा शब्द न मोडता केले. मास्तरांचे खोटे नसते, असे त्या लिंबाखाली ती माझ्याविषयी सांगत होती, आणि मी तिच्या कामाला गोष्टी सांगणे समजत होतो.

पुस्तक मी परत आणले नाही. मागण्याचे धैर्य झाले नाही, आणि ते माझे आहे असे वाटलेही नाही. परतताना नाक्यावरच्या शिपायाने माझे खिसे चाचपले आणि रबर बाहेर काढले.

"हे काय?"

"रबर."

"कशाला नेलं होतं?"

"लागलं नाही," मी म्हणालो. त्याने ते परत दिले.

घरी आल्यावर विमलला सगळे लिहिले. तिचे उत्तर चौथ्या दिवशी आले. त्यात हवापाणी नव्हते. लिहिले होते, "बाबा, भांडं मीच आणलं होतं. मलाही पाणीच वाटलं. तुम्ही एकट्यानं ते वागवू नका. सुट्टीत आले की मला त्या लिंबाखाली न्या." मे महिन्यात मी तिला नेले. तिने रेघेखाली बोट ठेवले. ती काय बोलली ते तिचे आहे.

प्रार्थना मला अजून पूर्वीसारखी येत नाही. पूर्वी मी देवाशी बोलताना वाक्ये रचत असे. आता हात उताणा ठेवून बसतो आणि काही मागत नाही. त्यात काय पडेल ते आपण ठरवायचे नसते, एवढे सगुणाकडून शिकलो, तेही ती गेल्यावर. याबद्दल मी प्रभूचे आभार मानतो, आणि त्या बैलाचेही, ज्याला त्या दिवशी वैरण नव्हती.

वर्गात मी अजूनही सांगतो की जुन्या प्रती त्या ठिकाणी संपतात. ते खरे आहे. सगुणाची कबर नगरला आहे, तिचे पुस्तक धुरपदाबाईकडे आहे, तिचा चष्मा माझ्या टेबलावर आहे. महिन्यातल्या एका गुरुवारी मी जामखेडकडे जातो. रेघेपर्यंत वाचतो. मग हात उघडतो आणि थांबतो.